स्वस्तातला वाटाड्या: गाडीतल्या जीपीएसबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: जुनी हॅचबॅक घेतली आहे. तुळजापूर, अक्कलकोट नेहमीचं, महिन्यातून एकदा पुणे. पाच हजारांत वेगळं नेव्हिगेशन डिव्हाइस घ्यावं की फोनवर भागेल? (जुळे सोलापूर)

फोनवर भागेल, आणि पाच हजारांतले बरेचसे पैसे वाचतील. एकेकाळी नेव्हिगेशनसाठी वेगळी पेटी घ्यावी लागायची, कारण फोनला ते जमत नव्हतं. आज साध्या अँड्रॉइड फोनमध्येही जीपीएसची चिप असते. वेगळ्या डिव्हाइसचा एक खरा फायदा आहे: ऐन वळणावर फोन वाजून नकाशा झाकला जात नाही. पण त्याचा नकाशा शिळा झाला की सगळा खर्च वाया.

वाचलेल्या पैशातले थोडे दोन गोष्टींवर नक्की घाला. पहिली म्हणजे चांगला स्टँड. काचेला चिकटवायचा स्टँड आपल्याकडे उन्हाळ्यात घेऊ नका. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. रबरी चूषक सुटतो, आणि काचेमागे उन्हात बसलेला फोन तापून चार्जिंग थांबवतो, स्क्रीन मंद करतो. एसीच्या जाळीला अडकवायची क्लिप घ्या, म्हणजे फोनला गार वारा लागत राहील.

दुसरी गोष्ट चार्जर. जुन्या गाडीच्या स्टिरिओतल्या यूएसबीतून बहुतेक वेळा अर्धा अँपिअर मिळतो. नेव्हिगेशन चालू असताना फोन त्याहून जास्त वीज खातो, म्हणून वायर लावलेली असूनही टेंभुर्णी येईपर्यंत बॅटरी अर्ध्यावर. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा १८ वॅटचा चार्जर आणि जाड वायर घ्या. स्वस्त वायर इथेच घात करते.

घरात जुना फोन पडून असेल तर तोच गाडीत कायमचा ठेवा, सिम नसलं तरी चालेल. मात्र उन्हात गाडी लावताना डॅशबोर्डवर सोडू नका, बॅटरी फुगते.

प्रश्न: दुकानात ‘जीपीएस बसवून द्या’ म्हणालो. डब्यासारखं काहीतरी डॅशबोर्डच्या आत बसवलं, स्क्रीनच नाही. फसलो का? (शेळगी)

फसला नाहीत, पण तुम्हाला हवं होतं ते मिळालं नाही. बाजारात ‘जीपीएस’ म्हटलं की बऱ्याच दुकानदारांना ट्रॅकरच समजतो. तो गाडी कुठे आहे ते मालकाला कळवतो. ड्रायव्हरला रस्ता दाखवत नाही. त्यात सिम असतं, त्याचं रिचार्ज आणि बहुतेकदा वर्षाची फीही असते. गाडी चोरीला जाण्याची काळजी असेल किंवा ड्रायव्हरच्या हाती गाडी देत असाल तर राहू द्या. नाहीतर परत करता येतो का, ते आजच विचारा. पुढच्या वेळी ‘नेव्हिगेशन हवंय, रस्ता दाखवणारं’ असं स्पष्ट सांगा.

प्रश्न: भावानं आखातातून जुना कार नेव्हिगेटर आणून दिला. चालू होतो, पण तारीख भलतीच दाखवतो आणि भारत दिसतच नाही. (बार्शी)

दोन वेगवेगळे आजार आहेत. तारखेचा आधी सांगतो. जीपीएस उपग्रह तारीख पाठवत नाहीत, आठवड्याचा क्रमांक पाठवतात. जुन्या सिग्नलमध्ये हा क्रमांक १०२३ पर्यंतच जातो, मग पुन्हा शून्य. असा फेरा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री पूर्ण झाला. ज्या डिव्हाइसचं सॉफ्टवेअर त्याआधीचं आहे, त्यांतली काही जवळजवळ वीस वर्षं मागे जातात. कंपनीच्या साइटवर अपडेट असेल तर दुरुस्त होईल.

नकाशाचं दुखणं मोठं. आखातात विकलेल्या डिव्हाइसमध्ये त्या भागाचा नकाशा असतो, भारताचा वेगळा विकत घ्यावा लागतो. जुन्या मॉडेलला तो मिळाला तरी किती जुना असेल ते बघा. धाराशिव शोधा. सापडलं नाही आणि उस्मानाबादच सापडलं, तर नकाशा २०२३ च्या आधीचा समजा. विजयपूरच्या जागी अजून विजापूर असेल तर २०१४ च्याही आधीचा. नाव जुनं असणं चालून जाईल, पण ज्या नकाशाला नाव ठाऊक नाही त्याला नवा बायपास आणि उड्डाणपूलही ठाऊक नसतो. अशा डिव्हाइसवर पैसे घालू नका.

प्रश्न: मंगळवेढ्याहून आतल्या गावांत जाताना रेंज जाते. इंटरनेटशिवाय जीपीएस चालतो का? मागच्या पावसाळ्यात नकाशानं शेतातच नेऊन सोडलं. (मंगळवेढा)

चालतो. तुमचा फोन उपग्रहाशी बोलत नाही, फक्त ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या निदान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की तो स्वतःच जागा काढतो. त्याला ना रेंज लागते ना पैसे. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला आणि ट्रॅफिक कळायला. म्हणून घरी वायफायवर सोलापूर, सांगली आणि विजयपूर हे तिन्ही जिल्हे ऑफलाइन उतरवून ठेवा. गूगल मॅप्समध्ये ही सोय फुकट आहे. ऑरगॅनिक मॅप्स तर मुळातच ऑफलाइन चालतं. एवढंच की रेंज नसताना फोनला पहिली जागा सापडायला वेळ लागतो. मोकळ्या आभाळाखाली गाडी उभी करून मिनिटभर थांबा, मग निघा.

आता शेताचं. हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी मीही असाच अडकलो होतो आणि ट्रॅक्टरनं ओढून काढेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. नकाशाला पाणंद आणि डांबरी रस्ता यांतला फरक कायम कळतोच असं नाही. तो अंतर मोजतो, वेळेचा अंदाज बांधतो आणि दोन किलोमीटर वाचतात म्हणून आत वळवतो. उन्हाळ्यात त्या वाटेनं कार जाते. पाऊस पडला की ज्या काळ्या मातीत मालदांडी ज्वारी पिकते तीच माती फुगून चाकाला धरते, आणि ॲक्सिलरेटर दाबाल तेवढी गाडी रुतते.

भीमा आणि सीनेवरच्या बंधाऱ्यांचंही तेच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून लोक गाड्या नेतात, नकाशावरही तो रस्ता म्हणून दिसू शकतो. वरच्या धरणातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरात लांबोटीजवळ पुण्याचा महामार्गच बंद ठेवावा लागला होता, तिथे बंधाऱ्याची काय कथा! पावसाळ्यात नकाशानं डांबरी सोडायला सांगितलं की फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर विचारा: ‘मालक, या रस्त्यानं कार जाईल का?’ ‘गाडी’ म्हणू नका. गावात गाडी म्हणजे मोटरसायकलही होते, आणि तिला तो रस्ता चालतोच.

आषाढीत पंढरपूरला जाताना पोलिसांनी लावलेले फलक पाळा. त्या दिवसांतले बदललेले रस्ते नकाशावर लगेच येत नाहीत.

प्रश्न: ‘नाविक’ असलेला फोन घेतला तर रस्ता जास्त अचूक दिसेल का? (होटगी रोड)

इस्रोचा अभिमान मलाही आहे, पण त्यासाठी जादा पैसे मोजू नका. नाविक म्हणजे इस्रोची जीपीएससारखी यंत्रणा, तिची रचना सात उपग्रहांची. पहिला २०१३ मध्ये सोडला, आणि सुरुवातीच्या काही उपग्रहांमधली अणुघड्याळं, ज्यांच्या वेळेवरून जागा काढतात, ती बंद पडली. २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात आपल्या देशात बनवलेलं घड्याळ आहे. फोन मात्र जीपीएस, रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, जे सापडेल ते सगळं एकत्र वापरतो. आपल्या शहरात आभाळ झाकणाऱ्या इमारती थोड्या, त्यामुळे साधा फोनही लेन सोडून बाकी सगळं नीट दाखवतो.

प्रश्न: सात-आठ हजारांत मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ मिळतोय. घ्यावा का? आणि फोनवर नकाशा बघितला तर पोलीस दंड करतात का? (विजापूर रोड)

स्टिरिओ घ्यायचाच तर अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनवरचा नकाशा गाडीच्या स्क्रीनवर आणायची सोय, चालतं का, ते तुमचा स्वतःचा फोन जोडून दुकानातच बघा. स्टिरिओच्या आतला नकाशा बाजूला ठेवा. एक-दोन जीबी रॅमचे स्वस्त सेट वर्षभरात अडखळू लागतात. अँड्रॉइड ऑटोमध्ये मेहनत फोन करतो, स्क्रीन फक्त दाखवते. स्टिरिओच्या स्वतःच्या नेव्हिगेशनवर विसंबायचं असेल तर जीपीएसची अँटेना कुठे बसवली ते विचारा. घाईत ती डॅशबोर्डच्या आत पत्र्याखाली कोंबतात. ती काचेजवळ, आभाळाकडे तोंड करून हवी. बिल आणि वॉरंटीचा शिक्का सोडू नका.

दंडाचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघायला वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. म्हणजे फोन स्टँडवर, पत्ता निघण्यापूर्वीच टाकलेला. सात रस्त्याच्या सिग्नलला हातात धरून पत्ता टाइप करत असाल तर दंड होऊ शकतो, आणि तो योग्यच आहे.