'बिनधास्त जा' लिहिण्याआधी

प्रश्न : मी पंधरा वर्षं सह्याद्रीत भटकतो. जूनमध्ये एका अनोळखी मुलानं ऑनलाइन विचारलं, "सांधण दरीत उतरता येईल का?" मी "बिनधास्त जा" लिहिलं. तो पाण्यात अडकला, पाय मोडला. माझ्यावर गुन्हा होईल?

उत्तर : तक्रार कोणीही देईल, गुन्हा सिद्ध होणं मात्र अवघड. निष्काळजीपणामुळे गंभीर दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे; मृत्यू झाला तर कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत. पण मृत्यूच्या गुन्ह्यात न्यायालय आधी विचारतं, तो थेट तुमच्या कृतीमुळेच झाला का? साठच्या दशकात मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यात कामगारानं पुरतं न निवलेल्या मिश्रणात टर्पेंटाइन ओतलं, ते उतू जाऊन आग भडकली आणि सात कामगार गेले. आगीबाबतच्या हयगयीची मालकाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवली, पण मृत्यूच्या गुन्ह्यातून त्याला सोडलं, कारण मृत्यूचं थेट कारण ते ओतणं होतं. तुमचा मेसेज आणि त्याचा पाय यांच्यामध्ये तर त्याचा स्वतःचा निर्णय आणि अख्खा पाऊस उभा आहे.

त्याच संहितेतलं कलम ३१सुद्धा आहेच : समोरच्याच्या भल्यासाठी सद्भावनेनं सांगितलेल्या गोष्टीतून त्याला इजा झाली तरी तेवढ्यानं गुन्हा होत नाही. मात्र योग्य काळजी न घेता केलेल्या गोष्टीला कायदा सद्भावना म्हणतच नाही, आणि तुमचं 'बिनधास्त' तिथेच अडकतं. तुम्ही दरी पाहिली कधी? उन्हाळ्यात असेल तर लिहायचं होतं, "मी एप्रिलमध्ये गेलो तेव्हा कोरडी होती. पाऊस लागला असेल तर दरीजवळच्या साम्रद गावात विचारल्याशिवाय उतरू नका." दोन ओळी जास्त, बस्स.

आणि तो मेसेज पुसू नका. समोरच्याकडे स्क्रीनशॉट असतोच. माझ्याकडे येणारे निम्मे अशील पुसून मगच येतात!

प्रश्न : साप चावल्यावर घट्ट दोरी बांधा, चिरा देऊन रक्त काढा, असं मी गावच्या ग्रुपवर फॉरवर्ड केलं. चूक झाली का?

उत्तर : झाली. घोणस किंवा फुरसं चावल्यावर रक्त गोठेनासं होऊ शकतं. त्यात चिरा देणं म्हणजे जिवाशी खेळ. घट्ट दोरीनं हातपाय निकामी होऊ शकतो. 'फॉरवर्डच तर केलं' हा बचाव लंगडा आहे. आजच त्याच ग्रुपवर लिहा : तो सल्ला चुकीचा होता, दोरी नको, चिरा नको, हालचाल न करू देता माणसाला प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्या.

प्रश्न : मी ॲडमिन आहे. सदस्यानं चुकीचं लिहिलं तर मी अडकेन?

उत्तर : एरवी नाही. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू असल्याशिवाय, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे.

प्रश्न : आम्ही पैसे घेऊन ट्रेक नेतो. फॉर्मखाली 'जबाबदारी स्वतःची' असं छापलं आहे. पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही. पैसे घेतले की ती ग्राहक संरक्षण कायद्यातली सेवा झाली. फुकट सल्ला त्यात बसत नाही. धोक्याची स्पष्ट कल्पना दिली होती, हे दाखवायला ती ओळ थोडीफार उपयोगी पडेल. पण कड्यावर कुजका दोर लावला असेल, तर ती ओळ तुम्हाला वाचवणार नाही.