कॉन्झर्वेटिव्ह म्हणजे पुराणमतवादीच का?

राजकारणातल्या खऱ्या कॉन्झर्वेटिव्ह माणसाला मराठीत पुराणमतवादी म्हणायचं का, असं विचारलंयत. मला विचाराल तर नको, त्याने नुसता शिक्का बसतो, माणूस कळत नाही.

पुराणमतवादी, सनातनी हे शब्द आपल्याकडे समाजसुधारणेच्या वादात रुळले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला (मुलींच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय वाढवणारा) टिळकांनी कडाडून विरोध केला, तेवढ्यापुरते ते पुराणमतवादी, पण राजकारणात तेच जहाल! उलट न्यायमूर्ती रानडे, आपल्या मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश, पक्के सुधारक, पण जुन्याचा धागा न तोडता सावकाश बदल करू म्हणणारे, म्हणजे वृत्तीने कॉन्झर्वेटिव्हच्या जास्त जवळचे. मग शब्द कोणाला लावायचा सांगा.

पेपरात हुजूर पक्ष येतं ते फक्त ब्रिटनच्या पक्षाचं नाव. हुजूर म्हणजे दरबार, खुद्द सरकार, पुण्याच्या हुजूरपागेतला हुजूर तोच. मजूर पक्षाच्या समोर तो छान बसला, पण अमेरिकेतल्या किंवा आपल्याकडच्या माणसाला हुजूर कसं म्हणणार?

कॉन्झर्वेटिव्ह या शब्दामागच्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ जपणे, राखणे. या विचाराचा मूळपुरुष मानतात तो ब्रिटिश खासदार आणि विचारवंत एडमंड बर्क, १७९० मध्ये पुस्तक लिहून फ्रेंच राज्यक्रांतीवर तुटून पडला, पण त्याच पुस्तकात म्हणतो की ज्या राज्याकडे बदलायची सोय नाही त्याच्याकडे टिकायचीही सोय नाही. (तो स्वतः व्हिग या तेव्हाच्या दुसऱ्याच ब्रिटिश पक्षाचा, कॉन्झर्वेटिव्ह हे पक्षाचं नाव पडलं १८३० नंतर, तो गेल्यावर.)

गिरगावात आमच्या चाळीचा जिना लाकडी होता, पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या खोलगट झालेल्या. एकजण म्हणायचे हात लावू नका, दुसरे म्हणायचे पाडा सगळं, आणि आमचे आजोबा दरवर्षी गणपतीच्या आधी सुताराला बोलवून दोन-तीन पायऱ्या बदलून घ्यायचे, कठडा तोच, खिळे नवे, माणसं त्याच जिन्याने वरखाली करतायत. खरा कॉन्झर्वेटिव्ह मला तिथे दिसतो, हात लावू नका म्हणणाऱ्यांत नाही, त्यांना पुराणमतवादी खुशाल म्हणा.

म्हणून मी जतनवादी लिहितो. कानाला नवा वाटेल, पण जतन हा घरातला शब्द आहे, दोनचारदा वाचला की बसेल. ब्रिटनची बातमी असेल तर हुजूरच ठेवा, आणि काहीच जमत नसेल तर सरळ कॉन्झर्वेटिव्ह लिहा, लोकांना कळतं.