सोशल मीडिया साइटचं रूप बदललं की लोक एवढे का भडकतात? आणि ही ओरड आपोआप थांबते का?

कधी थांबते, कधी साइटच बसते. नुसती सवय मोडली असेल तर राग हळूहळू ओसरतो. २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणलं तेव्हा विरोधाच्या ग्रुपमध्ये लाखो लोक जमले होते. कंपनीने फीड काढलं नाही, प्रायव्हसीची सेटिंग्ज वाढवली. पुढे तेच फीड फेसबुकचा कणा ठरलं.

डिग या, लोकांनी लिंका टाकून मतं देण्याच्या साइटचं उलट झालं. ऑगस्ट २०१० च्या चौथ्या आवृत्तीत नावडती लिंक खाली ढकलणारं 'बरी' बटण गेलं, प्रकाशकांना आरएसएस फीडमधून (साइटवरचा नवा मजकूर आपोआप पुढे पाठवणारी सोय) लिंका आपोआप टाकता येऊ लागल्या, वर साइट सारखी कोलमडत होती. म्हणजे रंगरूप नव्हे, पहिल्या पानावर काय दिसावं हे ठरवण्याचा हक्कच हातातून गेला. चिडलेल्या लोकांनी डिगचं पहिलं पान रेडिट या प्रतिस्पर्धी साइटच्या लिंकांनी भरून टाकलं आणि बरेच जण तिकडेच गेले. जुनं परत आणायला मार्गच ठेवला नव्हता, ही खरी घोडचूक.

स्नॅपचॅटने २०१८ मध्ये मित्रांच्या स्टोरीज आणि चॅट एकाच यादीत कोंबले. जुनी मांडणी परत मागणाऱ्या याचिकेवर १२ लाखांहून जास्त सह्या झाल्या. रोजचे वापरकर्ते तिमाहीत १९.१ कोटींवरून १८.८ कोटींवर आले. काही बदल मग मागे घ्यावे लागले.

तेव्हा तक्रारी वाचताना 'कुरूप दिसतं' बाजूला ठेवा (ते सगळेच म्हणतात). 'अमुक आता करताच येत नाही' हे वाक्य मोजा. रेडिटने २०१८ च्या बदलानंतरही जुनी मांडणी वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवली, म्हणून तिथला भडका आटोक्यात राहिला.