ताकदीची बाटली आणि बी-1: आमच्या धाकटीचा अनुभव

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बायकोला चौथा महिना, दीड महिन्यापासून उलट्या, पोटात पाणी टिकत नाही, रोज सलाईन. आणि दोन दिवसांपासून दोन-दोन दिसतंय, चालताना झोक जातोय. डॉक्टर म्हणतात अशक्तपणा आहे, बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू ठेवा. तुम्ही विचारलंय की सोमवारपर्यंत थांबावं का.

थांबू नका. आजच मेंदूविकाराचे डॉक्टर असतील अशा मोठ्या दवाखान्यात न्या. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. तुमच्या घरी तेच असेल असं छातीठोक सांगू शकत नाही. पण हेच सगळं याच क्रमाने माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलंय.

आम्ही गंगाखेडकडचे. तिलाही तिसऱ्या महिन्यात असंच सुरू झालं. भाकरीचा वास आला तरी उलटी. मग काय, साबुदाण्याची पेज, पांढरा भात, चहा-टोस्ट. आता कळतंय की या तिन्हींत बी-1, म्हणजे थायमिन, जवळजवळ नसतंच. ते ज्वारी-बाजरीत, डाळीत, शेंगदाण्यात, तिळात असतं. आपलं रोजचं जेवण चांगलंच आहे हो, पण पोटात टिकेल तेव्हा. शरीरात याचा साठा जेमतेम 25-30 मिलिग्रॅम असतो, दोन-तीन आठवड्यांत संपतो. त्यात गरोदरपणात गरज वाढलेली.

आणि आता आमची चूक. दवाखान्याची म्हणत नाही, आधी आमचीच. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात (नाव घेत नाही) मी स्वतः डॉक्टरांना म्हणाले, "साधं पाणी नका चढवू, ग्लुकोजची बाटली लावा, ताकद येईल." माय पण तेच म्हणत होती. त्यांनी लगेच लावली. दिवसाला दोन, सलग पाच दिवस. चौथ्या दिवशी तिचे डोळे थरथरायला लागले, पाचव्या दिवशी मला "बाई, तुमची शाळा सुटली का?" असं परक्यासारखं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, डोहाळ्यांत होतं असं. मी तीन वेळा काउंटरवर जाऊन सांगितलं, की ही वेगळं बोलतेय. प्रत्येक वेळी उत्तर एकच: राऊंडला सर येतील तेव्हा सांगा. राऊंड संध्याकाळी. संध्याकाळी अजून एक बाटली.

मग तिला नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. ग्लुकोज पेशीत जाळायला थायमिन लागतंच. साठा आधीच तळाला, त्यात वरून साखर ओतली, तर उरलंसुरलं थायमिनही खर्चून जातं आणि पहिला फटका मेंदूला बसतो. डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, भान हरपतं. याला वर्निकेचा आजार म्हणतात. 1881 साली या जर्मन डॉक्टरांनी ज्या तीन रुग्णांचं वर्णन केलं, त्यात दोन दारू पिणारे होते. म्हणून आपल्याकडे अजून समज आहे की हे दारुड्यांचं दुखणं. गरोदर बाईकडे बघून कुणाच्या डोक्यात येत नाही.

तिथे रक्ताचा रिपोर्ट यायची वाट न बघता शिरेतून थायमिन सुरू केलं. मॅग्नेशियमही तपासलं, कारण ते कमी असेल तर थायमिनचा उपयोग होत नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी डोळे बरेच स्थिर झाले. चालणं मात्र पाच महिने भिंत धरून. लेकरू सुखरूप आहे, पहिलीत जातं. पण ते तीन आठवडे तिला अजिबात आठवत नाहीत, आणि दुकानाचा हिशेब ती अजून दोनदा करते. हे माझ्या मनातून जात नाही.

तर बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. डी-5 किंवा डीएनएस असेल तर त्यात ग्लुकोज आहे. आरएल किंवा एनएसमध्ये नसतं. बाटली आपण होऊन बंद करू नका, साखर खाली गेली असेल तर ग्लुकोज लागतंच. फक्त विचारा: "आधी थायमिन दिलंय का? किती?" स्पष्ट विचारा, राग आला तर येऊ द्या. उलट्यांत गोळी टिकत नाही, तेव्हा गोळीवर समाधान मानू नका. आणि ते "ताकदीचं लाल इंजेक्शन" दिलं म्हणून गप्प बसू नका. लाल रंग बी-12 चा. काहींत बी-1 पण असतं, पण किती ते लेबलवर वाचा. आमच्याकडे मेडिकलवाल्याने बी-1 मागितल्यावर बी-12 च हातात ठेवलं होतं.

जाता जाता, विषय निघालाच आहे म्हणून: तूर लवकर शिजावी म्हणून डाळीत खायचा सोडा टाकायची सवय असेल तर ती बंद करा. सोड्याने बी-1 नासतं. पण ही नंतरची गोष्ट, आत्ताची नाही.

आत्ता गाडी बघा. जुने सगळे कागद, कोणत्या तारखेला किती बाटल्या लागल्या, दोन-दोन कधीपासून दिसतंय, हे एका कागदावर लिहून न्या. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य "अशक्तपणा आहे" असं म्हणू नका. "दीड महिना उलट्या, रोज सलाईन, आता दोन-दोन दिसतंय आणि झोक जातोय" असं म्हणा. पोचलात की इथे दोन ओळी टाका, मी जागी आहे.