देश सोडलेल्यांविषयीचे जर्मन चित्रपट : कोणते पाहावेत आणि कोणत्या क्रमाने

छळछावण्यांवरचे चित्रपट बरेच पाहून झाले आहेत, आता देश सोडून गेलेल्यांचे पुढे काय झाले हे दाखवणारे जर्मन भाषेतील चित्रपट सुचवा, मात्र ते रडके नसावेत, अशी आपली विचारणा आहे. ही अट पाळणे फारसे अवघड नाही. या विषयावरच्या चांगल्या चित्रपटांत अश्रू कमी आणि कागदपत्रे जास्त आहेत. त्यांतला झगडा बहुधा नाझी सैनिकाशी नसतो. तो वकिलातीतल्या कारकुनाशी, न येणाऱ्या भाषेशी, आणि पुष्कळदा स्वतःच्या नवऱ्याशी किंवा बायकोशी असतो. पलायनाचा थरार अपेक्षित असेल, तर मात्र निराशा होईल.

सुरुवात 'निर्गेंडव्हो इन आफ्रिका' (२००१) या चित्रपटाने करावी. श्टेफानी त्स्वाइग यांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीवरून कारोलिने लिंक यांनी तो केला आणि त्याला परभाषिक चित्रपटाचे ऑस्करही मिळाले. १९३८ साली एक ज्यू वकील केनियातल्या शेतावर व्यवस्थापकाची नोकरी धरतो आणि बायको व लहान मुलीला तिकडे बोलावून घेतो. येताना शीतपेटी आण असे त्याने कळवलेले असते. बायको त्या पैशांत मेजवानीला घालायचा उंची पोशाख घेऊन येते. आपले जुने आयुष्य संपले आहे हे तिला अजून उमगलेले नाही, एवढे सगळे त्या एका खरेदीतून कळते. ओवुओर या स्वयंपाक्याशी ती ज्या तोऱ्यात वागते, त्यावरून नवराच तिला सुनावतो, आणि ज्यांनी आपल्याला हाकलले त्यांचीच आठवण तिच्या वागण्यातून यावी, हा प्रसंग मला या चित्रपटातला सर्वांत धीट वाटतो. टोळधाडीचा भाग मात्र हॉलिवूडच्या वळणाचा आहे.

याच चित्रपटात युद्ध सुरू होताच इंग्रज सरकार हिटलरपासून पळालेल्या या ज्यूंनाच जर्मन नागरिक, म्हणजे शत्रुराष्ट्राचे नागरिक, म्हणून स्थानबद्ध करते. हे दृश्य अनेकांना अतिशयोक्त वाटते, परंतु त्याच साम्राज्याने आपल्याकडे पुरंदर किल्ल्यावर जर्मन कुटुंबांना स्थानबद्ध ठेवले होते आणि त्यांत जर्मनीतून आलेले ज्यूही होते.

त्यानंतर क्रिस्टियान पेट्झोल्ड यांचा 'ट्रान्झिट' (२०१८) पाहावा. मूळ कादंबरी आना झेगर्स यांची असून त्या स्वतः १९४१ साली फ्रान्सच्या मार्सेय बंदरातून निघून मेक्सिकोला पोहोचल्या होत्या. तेथून निघायचे तर जिथे जायचे त्या देशाचा व्हिसा, वाटेतल्या देशांतून जाण्याचे परवाने, बोटीचे तिकीट आणि फ्रान्स सोडण्याची अनुमती, इतके सारे एकाच वेळी हातात असावे लागे. शेवटचा कागद मिळेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. शिवाय आपण येथून निघून जाणार आहोत असे दाखवता आले, तरच या शहरात राहू दिले जाई. पेट्झोल्ड यांनी ही चाळीसच्या दशकातली गोष्ट जशीच्या तशी उचलून आजच्या मार्सेयमध्ये ठेवली आहे, गाड्या आजच्या, पोलिसांचे गणवेश आजचे, आणि याबद्दल चित्रपटात कोठेही खुलासा नाही. पहिली वीस मिनिटे गोंधळ उडतो, तो उडू द्यावा. मृत लेखकाच्या कागदपत्रांवर जगणारा नायक एका उत्तर आफ्रिकी मुलाच्या घरी जाऊ लागतो आणि एके दिवशी त्या खोलीत तिसरीच निर्वासित माणसे दाटीवाटीने बसलेली आढळतात. काळाची सरमिसळ कशासाठी केली आहे, याचे उत्तर तेथे मिळते.

मारिया श्राडर यांचा 'फोर डेर मॉर्गनरोटे' (२०१६) हा श्टेफान त्स्वाइग या लेखकाच्या अखेरच्या वर्षांवरचा चित्रपट (वर उल्लेखलेल्या श्टेफानीबाईंशी नावाची गल्लत करू नये). त्याला पैशांची ददात नाही, ब्राझीलमध्ये मानसन्मान आहे, आणि तरीही तो खचत जातो. एका गावी नगराध्यक्ष त्याच्या स्वागतासाठी 'निळी डॅन्यूब' हे व्हिएन्नाचे सूर बँडवर बेसूर वाजवून घेतो, त्या वेळी त्स्वाइगची भूमिका करणाऱ्या योसेफ हाडर यांच्या चेहऱ्यावर हसू आणि वेदना यांतले नेमके काय आहे ते ठरवता येत नाही. हाडर ऑस्ट्रियात विनोदी कलाकार म्हणून प्रसिद्ध आहेत, हे येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. चित्रपटाच्या न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या भागात युरोपात अडकलेल्या ओळखीच्यांची मदतीसाठी येणारी पत्रे त्याला कशी पोखरतात, हे पाहिल्यावर १९४२ सालची त्याची आत्महत्या निराळी समजावून सांगावी लागत नाही.

आश्रय नाकारणाऱ्यांची बाजू पाहायची असेल, तर मार्कुस इम्होफ यांचा स्विस चित्रपट 'दास बोट इस्ट फोल' (१९८१) आहे. लहान मुले असलेल्या कुटुंबांना राहू देतात असे कळल्यावर स्वित्झर्लंडमध्ये पळून आलेली, एकमेकांना अनोळखी असलेली माणसे कुटुंब असल्याचे सोंग घेतात. त्यातले म्हातारे ज्यू गृहस्थ साकारणारे कुर्ट बोइस स्वतः हिटलरच्या काळात देश सोडून अमेरिकेत गेलेले नट होते.

माझ्या मते या सर्वांत श्रेष्ठ कृती आहे ती आक्सेल कोर्ती यांची 'वोहिन उंड त्सुरूक' ही चित्रपटत्रयी, जी १९८२ ते १९८६ या काळात दूरचित्रवाणीसाठी, कृष्णधवल चित्रणात झाली. पटकथा गेओर्ग श्टेफान ट्रोलर यांची; ते तरुणपणी व्हिएन्नाहून पळाले आणि पुढे अमेरिकी सैनिक म्हणून युरोपात परतले. पहिल्या भागात व्हिएन्ना ते मार्सेय ही पळापळ आहे (त्यातल्या एका नाझीविरोधी जर्मनाचे टोपणनाव 'गांधी' आहे), दुसऱ्यात न्यूयॉर्कमधले उपरेपण आहे. तिसऱ्या भागात, 'वेलकम इन व्हिएन्ना'मध्ये, नायक फ्रेडी अमेरिकी गणवेशात आपल्या गावी येतो आणि कालचे नाझी आज नव्या सत्तेला उपयोगी पडून पुन्हा खुर्च्यांवर बसलेले पाहतो. परतीचा प्रश्न इतक्या निर्भीडपणे मांडणारा दुसरा जर्मन चित्रपट मला आढळलेला नाही. तिसरा भाग एकटाही पाहता येतो, परंतु न्यूयॉर्कमध्ये त्याने काय सोसले हे ठाऊक नसेल, तर व्हिएन्नात त्याला नेमके काय खुपते ते निम्मेच कळेल. म्हणून तीन संध्याकाळी मोकळ्या ठेवाव्यात आणि व्हिएन्नाची बोली कानाला जड जात असल्यामुळे सबटायटल्स असलेलीच प्रत शोधावी.