रक्त गाळून गरोदरपणातलं बीपी आटोक्यात येतं का?

वहिनींना 27वा आठवडा, बीपी 160च्या वर, लघवीत प्रोटीन. जर्मनीत मशीनने रक्त शुद्ध करून बाळंतपण लांबवतात, ते जळगावच्या डायलिसिस सेंटरला होईल का, असं तुम्ही विचारलंय.

डायलिसिसने हे होत नाही. वहिनींना आहे तसं गरोदरपणात बीपी चढणं आणि लघवीत प्रोटीन जाणं म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. त्यात वार (प्लॅसेंटा) एसएफएलटी-1 नावाचं प्रथिन जास्तीचं रक्तात सोडते, त्यातून बीपी चढतं आणि मूत्रपिंडातून प्रोटीन गळतं. डायलिसिसच्या फिल्टरमधून युरिया-क्रिएटिनिनसारखं बारीक तेवढंच पलीकडे जातं. हे प्रथिन अल्ब्युमिनहून मोठं, ते रक्तातच राहतं. जर्मनीतली ती पद्धत म्हणजे अफेरेसिस. तिच्यात आधी प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) वेगळा काढतात आणि डेक्स्ट्रान सल्फेटच्या कॉलममधून फिरवतात. कॉलमवर ऋण भार, प्रथिनावर धन भार, म्हणून ते तिथेच चिकटतं आणि उरलेला प्लाझ्मा शिरेत परत जातो. कॉलम मुळात कोलेस्टेरॉल काढण्यासाठी बनवलेला आहे.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 11 बायकांवर हा उपचार झाला. एकदाच उपचार झालेल्यांचं गरोदरपण सरासरी 8 दिवस पुढे गेलं, अनेकदा झालेल्यांचं 15 दिवस. उपचार न झालेल्यांचं 3 दिवस. सत्ताविसाव्या आठवड्यात पंधरा दिवस म्हणजे बाळासाठी फार मोठी गोष्ट, तुमची ओढ मला कळते. पण एवढ्या थोड्या बायकांवरून खात्री देता येत नाही. शिवाय वार आत आहे तोवर प्रथिन पुन्हा वाढतं, आणि मशीनवर असताना बीपी एकदम उतरलं तर बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणून हे अजून प्रयोगातच आहे.

हे शोधण्यात एक दिवसही घालवू नका. काचपेटी आणि बालरोगतज्ज्ञ चोवीस तास असतील अशा मोठ्या दवाखान्यात आजच भरती करा. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून जागा विचारा. 108 बोलवा. बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोनची 6 मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी देतात. ती सुरू झाली का, हे विचारा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच नर्सला सांगा.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. पुढच्या डोसआधी गुडघ्यावर हलकं ठोकल्यावर पाय उडतो का, मिनिटाला किमान 16 श्वास आणि तासाला 30 मिली लघवी तपासावीच लागते, नाहीतर श्वास मंदावतो. तालुक्याला पहिला डोस दिला असेल तर रेफर चिठ्ठीवर मात्रा आणि वेळ लिहून घ्या, म्हणजे पुढे तोच डोस दुबार पडणार नाही.