ठळक मराठीत बचत, बारीक इंग्रजीत पळवाट

वेंगुर्ल्याच्या एका वाचक भगिनींनी वीजबिल ४० टक्क्यांनी कमी करणारी, प्लगमध्ये खोचायची डबी १,४९९ रुपयांना ऑनलाइन मागवली. दोन बिले आली, फरक काहीच नाही. दिल्लीचा विक्रेता जाहिरातीच्या तळाशी इंग्रजीत छापलेल्या ‘परिणाम भिन्न असू शकतात’ या ओळीवर बोट ठेवून पैसे परत करण्यास नकार देतो. त्याच संकेतस्थळावरून गिझर घ्यावा का, हाही त्यांचा प्रश्न आहे.

ताई, त्या ओळीला मुळीच घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जून २०२२ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा लागतो आणि त्याने मूळ दाव्याला छेद देऊन चालत नाही. आपण पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये बचतीचा आकडा अर्धा पडदा व्यापून मराठीत आहे, तर पळवाट मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत आहे. माझ्या मते हाच आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे. शिवाय अशा डबीत बहुधा कॅपॅसिटर असतो; तो पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण, सुधारतो, परंतु घरगुती बिल प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांवर येत असल्याने त्यात घट होत नाही.

दिल्लीला जाण्याचे कारण नाही. प्रथम संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास लिहा. त्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्यात नमूद करा. तरीही दाद न मिळाल्यास आपण राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे सिंधुदुर्गच्या ग्राहक आयोगाकडे, २ वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क लागत नाही. मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

गिझर घेताना आयएसआय चिन्हाजवळचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा. चिन्हाचे नुसते चित्र कोणीही छापू शकतो. ‘दहा मिनिटेच शिल्लक’ असे घड्याळ दिसले तर पान बंद करून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडा. घड्याळ नव्याने सुरू झालेले दिसल्यास घाई खोटी होती, आणि अशी खोटी घाई नोव्हेंबर २०२३ पासून मनाई असलेल्या क्लृप्त्यांपैकी आहे. पैसे भरण्यापूर्वी संपूर्ण जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या, कारण तक्रार होताच मजकूर बदलला जातो.

डबी मात्र आता उघडू नका. पावती आणि वेष्टनासह ती पिशवीत बांधून कोरड्या जागी ठेवा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने पिना गंजल्या, तर विक्रेता तेच निमित्त पुढे करील.